तारीख ठरवण्याचा अधिकार

ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये सॉफ्टवेअर पॅकेजचा स्वतःचा मिरर उभारायचा म्हटले, की आधी बँडविड्थचा हिशोब मांडला जातो. ६० मशिनच्या लॅबमध्ये प्रत्येकाने ३०० एमबीचे अपडेट बाहेरून ओढले तर १८ जीबी खर्ची पडतात. तेच एकदा आत आणून ठेवले तर ३०० एमबीत भागते. हिशोब चोख आहे, आणि एके काळी तेवढाच पुरेसा होता. डायल-अपच्या काळात आपल्याकडे लिनक्स अनेकांपर्यंत पोचले ते ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. पुढे आयआयटी कानपूरसारख्या संस्थांच्या सार्वजनिक मिररमुळे देशातल्या देशात डाउनलोड करण्याची सोय झाली. आज पुण्या-मुंबईतल्या बहुतेक ऑफिसांत फायबर आहे आणि डेबियनसारख्या प्रकल्पाचा मुख्य पत्ताच सीडीएनवरून चालतो. त्यामुळे निव्वळ बँडविड्थ वाचवायची असेल तर मिररचा खटाटोप करू नये, असे माझे मत आहे. मिरर हवा तो दुसऱ्या कारणासाठी. आपल्या मशिनवर कोणत्या दिवसाचे सॉफ्टवेअर बसणार, हे ठरवण्याचा अधिकार त्यामुळे आपल्याकडे येतो. तो ज्याला नको आहे त्याने मिरर ठेवू नये, आणि ज्याला हवा आहे त्याने त्याबरोबर येणारी राखणही पत्करावी. कंटेनरमध्ये मिरर उभारण्यातला फायदाही याच बाजूने पाहिला तर नीट कळतो.

हा अधिकार आज आपल्याकडे नसतो, हे रोजच्या कामात सहसा लक्षात येत नाही. एखाद्या डॉकरफाइलमध्ये पॅकेजची यादी ताजी करण्याची आणि काही पॅकेजेस बसवण्याची अशा दोन ओळी असतात. फाइलमध्ये एक अक्षरही न बदलता ती आज चालवली आणि पंधरा दिवसांनी चालवली, तर दोन वेगळ्या इमेज तयार होतात, कारण मधल्या काळात बाहेरची रिपॉझिटरी पुढे गेलेली असते. टेस्टिंगला गेलेली इमेज पहिली आणि ग्राहकाकडे गेलेली दुसरी असेल, तर टेस्टिंगमध्ये न दिसलेली चूक ग्राहकाकडे दिसते. मग दोन दिवस सगळे आपल्याच कोडमध्ये दोष शोधत बसतात. बदल कोडमध्ये झालेलाच नसतो. तो एखाद्या लायब्ररीच्या पॉइंट रिलीजमधून आलेला असतो. आणि तो कधी आत आला याची नोंद आपल्याकडे कुठेच नसते.

यावर लगेच येणारा आक्षेप म्हणजे व्हर्जन पक्के करून टाका, लॉक फाइल ठेवा, मिरर कशाला? लॉक फाइल हवीच. पण कोणते व्हर्जन हवे एवढेच ती सांगते. ते व्हर्जन उद्या मिळेल याची हमी तिच्याकडे नसते. डेबियनच्या मुख्य आर्काइव्हमध्ये प्रत्येक रिलीजसाठी पॅकेजचे चालू व्हर्जन राहते. नवे आले की जुने काही काळाने निघून जाते आणि फक्त वेगळ्या स्नॅपशॉट सेवेवर उरते. म्हणजे ज्याने काळजीने नेमके व्हर्जन लिहून ठेवले, त्याचाच बिल्ड पॉइंट रिलीजनंतर ‘व्हर्जन सापडले नाही’ म्हणून कोसळतो. भाषांच्या रिपॉझिटरींतही हे घडलेले आहे. मार्च २०१६मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतले आणि जगभरचे बिल्ड अडले. एनपीएमला ते परत आणावे लागले आणि पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक करावे लागले. फेब्रुवारी २०२१मध्ये बिनट्रे ही सेवा बंद होणार असल्याचे जाहीर झाले आणि १ मे रोजी ती बंदही झाली. तिच्यासोबतच्या जेसेंटरवर अँड्रॉइडचे असंख्य प्रकल्प अवलंबून होते, त्यांना दुसरीकडे हलण्यासाठी धावपळ करावी लागली. ३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ची मुदत संपली, मिररची यादी देणारा पत्ता बंद झाला आणि वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेले बिल्ड एकाएकी थांबले. पॅकेजेस जुन्या आर्काइव्हच्या पत्त्यावर होती, पण तिथे जायचे हे कुठल्याच स्क्रिप्टला माहीत नव्हते. या तिन्ही प्रसंगांत इंटरनेटचा वेग भरपूर होता. अडचण एवढीच होती की ‘काल होते ते आज आहे का’ याचे उत्तर दुसऱ्याच्या हातात होते.

नोव्हेंबर २०२०पासून डॉकर हबने घातलेली मर्यादा आपल्याकडे विशेष जाणवली. लॉगिन न करता इमेज ओढणाऱ्यांसाठी ती सहा तासांत १०० होती आणि मोजणी आयपी पत्त्यावरून व्हायची. आपल्याकडची कॉलेजे आणि मध्यम आकाराची ऑफिसे बहुधा एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात. बाहेरून पाहणाऱ्याला अख्खी इमारत म्हणजे एकच माणूस दिसतो. सकाळच्या सत्रातल्या मुलांनी कोटा संपवला, की दुपारच्या सत्राला चूक नसताना नकार मिळतो. पैसे भरून खाते घेता येते आणि कित्येकांसाठी तोच शहाणपणाचा मार्ग आहे. पण बाहेरची अट एका पत्रकाने बदलू शकते हे एकदा कळल्यावर, आपल्या कामाचा पाया कशावर आहे याचा विचार करणे भाग पडते.

इथे कॅशे आणि मिरर यांतला फरक स्पष्ट करायला हवा, कारण अनेक ठिकाणी कॅशे उभारून मिरर उभारल्याचे समाधान मानले जाते. अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी हे ३१४२ पोर्टवर चालणारे छोटे साधन किंवा डॉकरची स्वतःची रजिस्ट्री प्रॉक्सी म्हणून लावली, की मागितलेली गोष्ट एकदा बाहेरून येते आणि पुढच्या वेळी आतून मिळते. बँडविड्थ वाचते, उभारणीला तासभरही लागत नाही, राखण जवळजवळ नसते. मात्र नेमक्या व्हर्जनची यादी कॅशे बाहेरूनच आणतो, आणि बाहेर यादी बदलली की आतलीही बदलते. तारीख गोठवण्याची सोय त्यात नाही. उलट टोकाला सगळ्या आर्किटेक्चरसह डेबियनचे संपूर्ण आर्काइव्ह काही टीबींचे असते आणि पायपीआय तर त्याहून कितीतरी मोठे. ऑफिसला एवढे आणण्याची गरज नसते. एक रिलीज, एक आर्किटेक्चर, लागणारे विभाग आणि त्यांचे सुरक्षा अपडेट एवढे घेतले तर प्रकरण काही शे जीबींत बसते. ठरावीक पॅकेजेस आणि त्यांची अवलंबने एवढेच गाळून घेतले तर त्याहून कमी. डिस्क महाग पडेल हा आक्षेप जुन्या काळातून आलेला आहे. आता महाग असते ते माणसाचे लक्ष, त्याकडे पुढे येतो.

तारीख गोठवणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे अ‍ॅप्टली या रिपॉझिटरी सांभाळणाऱ्या साधनाच्या पद्धतीवरून समजते. बाहेरची रिपॉझिटरी ताजी करून घ्यायची, त्या घडीच्या स्थितीचा स्नॅपशॉट घेऊन त्याला तारखेचे नाव द्यायचे आणि तो स्नॅपशॉट प्रकाशित करायचा. मशिनना दिसतो तो प्रकाशित स्नॅपशॉट. बाहेर काय चालले आहे याची त्यांना खबर नसते. पुढचा स्नॅपशॉट आधी टेस्टिंगच्या मशिनपुढे ठेवायचा, आठवडाभर पाहायचे आणि मग एका आज्ञेने उत्पादनातल्या मशिनना त्यावर वळवायचे. बिघडले तर तशाच आज्ञेने मागच्या स्नॅपशॉटवर जायचे. आधीच अपडेट झालेली मशिन त्याने आपोआप मागे जात नाहीत, पण नवी मशिन आणि नवे बिल्ड लगेच जुन्या पायावर उभे राहतात. प्रत्येक फाइल साठ्यात एकदाच राहते आणि स्नॅपशॉट म्हणजे निव्वळ संदर्भांची यादी असते, त्यामुळे बारा महिन्यांचे बारा स्नॅपशॉट ठेवले म्हणून बारापट जागा लागत नाही. ‘मार्चमध्ये पाठवलेल्या इमेजमध्ये ओपनएसएसएलचे कोणते व्हर्जन होते’ असे ऑडिटरने विचारले, तर उत्तर शोधत बसावे लागत नाही, ते यादीत असते.

आता कंटेनर. इथे आक्षेप रास्त आहे: सर्व्हरवर सरळ अ‍ॅप्टली आणि एन्जिन-एक्स हा वेब सर्व्हर बसवून एक क्रॉन जॉब लावला की मिरर चालतो, मग मध्ये डॉकर किंवा पॉडमनचा थर कशासाठी? चालतो हे खरे. पण असा सर्व्हर दोन-तीन वर्षांत कसा होतो हे या कामातल्या कुणालाही विचारावे. स्क्रिप्ट एकाच्या होम फोल्डरमध्ये, एन्जिन-एक्सची सेटिंग हाताने बदललेली, सही करण्याची किल्ली रूटच्या खात्यात, आणि हे सगळे ज्याला माहीत आहे तो माणूस दुसऱ्या कंपनीत. कंटेनर या गोष्टी वेगळ्या करायला भाग पाडतो. साधन इमेजमध्ये राहते, पॅकेजेस व्हॉल्यूममध्ये, सेटिंग गिटमधल्या फाइलमध्ये आणि किल्ली या सगळ्यांपासून दूर. सर्व्हर जळाला तर इमेज, सेटिंग आणि कंपोज फाइल यांवरून नवी मांडणी उभी राहते. परत मिळवायचा उरतो तो साठा.

याहून मोठा फायदा अधिकारांच्या वाटणीत आहे. आणणारा कंटेनर वेगळा ठेवायचा: तो टायमरने जागा होतो, बाहेर जाऊन पॅकेजेस आणतो, सही करून प्रकाशित करतो आणि संपतो, त्याचे एकही पोर्ट उघडे नसते. मशिनना पॅकेजेस वाढणारा कंटेनर वेगळा: त्यात फक्त एन्जिन-एक्स असतो, तो ऑफिसच्या नेटवर्कला दिसतो, आणि साठ्याचे व्हॉल्यूम त्याला केवळ वाचण्यापुरते जोडलेले असते. त्याच्यातून कुणी आत शिरले तरी एखादे पॅकेज बदलून ठेवणे किंवा सहीची किल्ली उचलणे त्याला जमत नाही. हेच काम एका सर्व्हरवर वेगवेगळे युजर आणि परवानग्या लावूनही साधते, पण ती शिस्त माणसाने पाळावी लागते. कंटेनरच्या मांडणीत ती फाइलमध्ये लिहिलेली असते आणि वाचून तपासता येते. अ‍ॅप्टलीचा डेटाबेस एका वेळी एकाच प्रक्रियेच्या ताब्यात असतो, हे तांत्रिक बंधनही याच वाटणीला अनुकूल आहे.

या मांडणीच्या खाचा माहीत असल्या म्हणजे त्या टाळता येतात. साठा कंटेनरच्या आतच राहिला, तर कंटेनर काढताच तोही जातो. आतल्या युजरचा क्रमांक आणि बाहेरच्या फोल्डरच्या मालकाचा क्रमांक जुळला नाही, तर परवानगी नाकारल्याचे संदेश येतात. रूटशिवाय चालणाऱ्या पॉडमनमध्ये आणि एसई-लिनक्स असलेल्या मशिनवर याची काळजी अधिक घ्यावी लागते. पण विचाराने पाहिली तर सगळ्यांत गंभीर बाब निराळी आहे. मिररची स्वतःची इमेज ‘लेटेस्ट’ या टॅगवर ठेवली, तर सगळ्या ऑफिसची तारीख गोठवणारे साधनच बाहेरच्याच्या मर्जीने बदलत राहते. इमेज तिच्या डायजेस्टने बांधून ठेवायला हवी. शिवाय डिस्क साफ करताना कुणी न वापरलेल्या इमेज पुसल्या आणि त्याच दिवशी बाहेरची लाइन बंद असली, तर ज्या प्रसंगासाठी मिरर ठेवला त्याच प्रसंगी तो सुरू होत नाही. म्हणून त्या इमेजची प्रत टार फाइल करून साठ्याशेजारी ठेवावी. काम जरासे आहे, पण ते केलेले फार थोड्या ठिकाणी दिसते.

विश्वासाचा आक्षेप अधिक खोल आहे. बाहेरच्या अधिकृत पत्त्याऐवजी आपल्याच एका कोपऱ्यातल्या सर्व्हरवर सगळ्या मशिननी विसंबायचे, हे सुरक्षित कसे? डेबियनच्या पद्धतीत मिररवर आंधळा विश्वास ठेवावा लागत नाही. रिलीज फाइलवर प्रकल्पाची सही असते, त्या फाइलमध्ये यादीचा हॅश असतो आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा. मधल्या मिररने एक बाइट बदलला तरी साखळी तुटते आणि अ‍ॅप्ट नकार देतो. मात्र सही खरी असूनही माल जुना असू शकतो. अॅरिझोना विद्यापीठातल्या जस्टिन कॅपोस आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये हेच दाखवले: भाड्याच्या सर्व्हरवर त्यांनी उभारलेले मिरर मोठ्या लिनक्स वितरणांच्या अधिकृत याद्यांत स्वीकारले गेले, आणि असा मिरर सही असलेली पण जुनी, भोके असलेली पॅकेजेस लोकांना देत राहू शकतो. डेबियनच्या सुरक्षा विभागाच्या रिलीज फाइलवर मुदतीची तारीख असते ती यासाठी. ती उलटली की अ‍ॅप्ट तक्रार करतो. आता आपण स्नॅपशॉट स्वतःच्या किल्लीने सही करून प्रकाशित करतो, तेव्हा ही साखळी आपल्यापासून नव्याने सुरू होते. डेबियनची सही आणताना तपासली जाते, पण मशिनपर्यंत पोचते ती आपली सही, आणि तिच्यावर मुदत असेलच असे नाही. माल शिळा झाल्याची ओरड बाहेरून कुणी करणार नाही. तारीख आपण ठरवायची म्हटले की ही ओरड करण्याचे कामही आपलेच होते.

म्हणून गोठवलेला मिरर सुरक्षा अपडेटना उशीर करतो, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीमधले भोक उघड झाले आणि त्या एका महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशी व्हर्जन एकामागून एक आली, कारण आधीची दुरुस्ती अपुरी ठरत गेली. महिन्यातून एकदा आणणाऱ्या मिररवर विसंबलेला माणूस त्या काळात उघडाच राहिला असता. पण नेमका उलटा दाखलाही आहे. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड-युटिल्स या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये मुद्दाम पेरलेली चोरवाट जगापुढे आणली. ती व्हर्जन डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांपर्यंत पोचली होती, स्टेबलमध्ये आली नव्हती. तिथे वाचले ते उशिरा घेणारे. दोन्ही दाखले एकत्र ठेवले तर निघणारा निष्कर्ष असा, की सगळ्या पॅकेजेसना एकच वेग लावणे चूक आहे. नव्या सुविधा आणणारे बदल सावकाश, स्नॅपशॉटच्या चाळणीतून यावेत. सुरक्षा विभाग रोज आणावा, टेस्टिंगच्या मशिनवर तो त्याच दिवशी बसावा आणि उत्पादनात एक-दोन दिवसांत. हे दोन वेग चाळणीसह लावण्याची सोय मिरर असणाऱ्याकडे असते. ज्याच्याकडे नाही तो बहुधा सगळेच बाहेरच्या वेगाने घेतो किंवा अपडेटच बंद करून टाकतो, आणि अपडेट बंद केलेली कितीतरी मशिन आपल्या आसपास चालू आहेत.

भाषांच्या पॅकेजेसबाबत आणखी एक अट पाळावी लागते. फेब्रुवारी २०२१मध्ये अॅलेक्स बिरसन यांनी दाखवले, की कंपनीच्या अंतर्गत पॅकेजच्या नावाचेच पॅकेज सार्वजनिक रिपॉझिटरीत मोठ्या व्हर्जन क्रमांकाने टाकले, तर अनेक ठिकाणचे बिल्ड बाहेरचेच उचलतात. अॅपल आणि मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांत त्यांचा कोड असा चालला. पायथॉनच्या पिपला आतल्या पत्त्यासोबत बाहेरचा पत्ता जोड म्हणून दिला, तर तो दोन्हींना समान मानतो आणि वरचे व्हर्जन निवडतो. म्हणजे बाहेरचा दरवाजा उघडा ठेवून लावलेला मिरर धोका कमी करत नाही, वर खोटा भरवसा देतो. मिरर हा एकमेव मार्ग असला पाहिजे, बिल्डच्या मशिनवरून बाहेरच्या रिपॉझिटरी फायरवॉलनेच बंद असल्या पाहिजेत आणि अंतर्गत नावे आतूनच मिळतील असा नियम मिररवर हवा. डेव्हलपर यावर कुरकुरतात, कारण नवे पॅकेज वापरून पाहायला परवानगी मागावी लागते. त्यांची कुरकुर वाजवी आहे. प्रयोगासाठी लॅपटॉपवर मोकळीक आणि बिल्डसाठी कडक नियम, अशी विभागणी केली तर दोघांचेही चालते.

शेवटी लहान टीमचा प्रश्न: चार-पाच माणसांच्या ऑफिसने हे सगळे करावे का? बहुतेकांनी करू नये, असे माझे प्रामाणिक उत्तर आहे. त्यांनी कॅशे लावावा, लॉक फाइल ठेवावी आणि पाठवलेली प्रत्येक इमेज जपून ठेवावी. त्यांची बरीचशी गरज तेवढ्यात भागते. मिरर त्यांच्यासाठी आहे ज्यांना तेच सॉफ्टवेअर पुन्हा तसेच उभे करून दाखवावे लागते: बँकेला माल देणारे, कारखान्यातल्या बंद नेटवर्कवर काम करणारे, अनेक वर्षे जुने व्हर्जन सांभाळण्याचा करार केलेले, परीक्षेच्या दिवशी ६० मशिन सारखी हवी असणारी लॅब. त्यांनीही मिरर सुरू करण्याआधी त्याची राखण करणारा माणूस नेमावा, कारण सिंक बंद पडले तरी एन्जिन-एक्स निमूटपणे जुना माल वाढत राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. शेवटच्या यशस्वी सिंकची तारीख सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी, ती ठरावीक मर्यादेपलीकडे जुनी झाली की इशारा यावा, आणि साठ्याची डिस्क भरण्याआधी कळावे. कंटेनर यातले काहीच आपोआप करत नाही. आणि उभारणी पूर्ण झाली म्हणण्याआधी एक कसोटी घ्यावी: बाहेरची लाइन काढायची, कोऱ्या मशिनवर जपून ठेवलेल्या इमेजवरून मिरर सुरू करायचा आणि मागच्या तिमाहीतले व्हर्जन जसेच्या तसे बांधून पाहायचे. हे जमले तर तारीख आपल्या हातात आली. न जमल्यास आपण कॅशेच चालवतो आहोत, आणि तेवढ्यासाठी एवढा खर्च करण्याचे कारण नव्हते.